परत आलेले आकाशकंदील

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली तेव्हा मला जेवण जात नव्हतं, आणि त्याचं कारण मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

धाकटी बहीण इथेच सिंगापूरमध्ये, टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. मेहुणा नोकरी सांभाळून भारतातून आकाशकंदील, पणत्या, रांगोळी मागवायचा आणि इथल्या दुकानांना घाऊक भावानं द्यायचा. स्वतःच्या फ्लॅटसाठी साठवलेले पैसे घालून यंदा जास्त माल आणावा का, असं त्यानं मला विचारलं. मी बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासायचो. त्याचे आकडे पाहिले. शिल्लक माल आणि दुकानांकडून यायचे पैसे मिळून देण्यांच्या दुपटीच्या वर जात होते.

"करंट रेशो उत्तम आहे. मागवा," मी म्हणालो. बहिणीनं त्या दिवशी आग्रह करकरून श्रीखंड वाढलं.

पुढे मेहुण्याचा माल घेणाऱ्या एका दुकानात उदबत्ती घेताना मालकिणीला सहज म्हटलं, "बराच माल भरलाय यंदा."

"भरायला काय जातंय? उरला की ज्याचा त्याला परत. सणाच्या मालाचं असंच असतं, लाह," ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

बाहेर येऊन मेहुण्याला फोन लावला.

"हो, परत घेतोच की," तो म्हणाला. "दरवर्षी थोडाच येतो. तुम्ही धरलं असेल ना ते, दादा?"

मी "हं" म्हणालो. धरलं नव्हतं. बिल झालं म्हणजे विक्री झाली, असं मी मानलं होतं. यायचे पैसे म्हणून मी मोजले ते दुकानांत लटकलेले कंदील होते.

मग ऑफिसातून येताना मी वाट वाकडी करून दुकानांपुढून जाऊ लागलो. कंदील तेवढेच दिसायचे. काही मीच विकत घेतले, आणि बायकोपासून लपवले.

दिवाळी संपली. व्हॅन भरून खोकी आली. इथल्या फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टर म्हणून जाड भिंतींची एक छोटी खोली असते, एरवी अडगळीची; ती छतापर्यंत भरली.

"मामा, सो मेनी लाह! आपण शॉप ओपन करू या?" भाची म्हणाली. कुणी हसलं नाही.

बहिणीनं विचारलं, "दादा, पुढच्या वर्षी जातील ना हे?"

इथल्या दमट हवेनं कागद आत्ताच मऊ पडला होता.

"थोडे जातील," मी म्हणालो. "फ्लॅटचं यंदा जमणार नाही. मी न विकलेला माल विकला म्हणून धरला. माझं चुकलं."

ती नवऱ्याकडे वळली. "घरमालकाला फोन करा. करार वाढवून घ्या." मग तिनं माझंही पान घेतलं.

त्या दिवशी वाढताना तिनं आग्रह केला नाही.