माझं पाणी भरणारी अक्का

"तू लिही रं. नंबर मी धरते." असं म्हणून अक्का माझी घागर आपल्या दोन घागरींवर चढवायची आणि टँकरच्या लाईनीकडं निघायची. तिनं माझं पाणी भरलं म्हणून मी कादंबरीकार झालो. हे आधी सांगतो, बाकीचं मागून.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस पडत नव्हता, पाट्या मात्र रोज नव्या लागत होत्या. मी आठवीत शाळा सोडलेला, अक्षर तेवढं चांगलं. माहूरहून इथं पाट्या रंगवायला आलो. जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडायचं, नवं घालायचं, आणि दुपारी खोलीवर कादंबरी लिहायची. वडिलांचं गडावर नारळ-ओटीचं दुकान. त्यांनी बजावलं होतं, "नवरात्रापर्यंत कुणी छापायला घेतलं तर ठीक. न्हाई तर दुकानावर येऊन बस." त्या दुकानाच्या धास्तीनं मी रोज दोन पानं जास्त लिहायचो.

अक्का शेजारच्या खोलीत राहायची. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, हाताला सदा ज्वारीचं पीठ. कडक भाकरी करून विकायची. मला तिनं नावानं कधी हाक मारली नाही.

"काय करून राहिला, माहूर?" माझ्याच बोलीत चिडवायची.

"लिहून राहिलो, अक्का."

"मग बस आत. उन्हात काळा पडलास तर तुझी माय मला शिव्या देईल."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. उपकार करतात, तेही दटावून.

कादंबरी दुष्काळातल्या शहरावर होती. संपली तशी अक्काला वाचून दाखवली. ती भाकरी थापत ऐकत होती. नायक सडकेनं हिंडायचा, आभाळाकडं बघायचा, विचार तर फारच करायचा. शेवटचं पान झालं आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो.

"लई ग्वाड लिवलंस," ती म्हणाली. "एक सांग. ह्याचं पाणी कोण भरतं?"

"कुणाचं?"

"ह्या तुझ्या हिंडणाऱ्याचं. दुष्काळ हाय म्हनतो, अन् दोन टाईम आंघोळ करतो मुडदा!"

मी पानं चाळली. आंघोळी होत्या. पाणी भरणारं कुणीच नव्हतं. असणार कसं? माझी घागर रोज भरून दाराशी यायची.

"उद्यापासून तूच चल," अक्का म्हणाली.

लाईनीत तिनं मला मागं ढकललं. "ह्याला पुढं घेऊ नका गं बायांनो, हा बघायला आलाय." मी बघत राहिलो. लोक दगड ठेवून नंबर धरायचे. एका मास्तरांचा दगड कुणी मागं सरकवला, तर मास्तर त्या दगडासाठी असे भांडले की जणू तो घरचा जावई. टँकरचा हॉर्न वाजला की देवाधर्माचं बोलणारी माणसंही कोपरं मारत पुढं घुसायची.

निम्मी कादंबरी फेकून दिली आणि पुन्हा लिहायला बसलो. नवरात्र जवळ आलं तसा माझा धीर सुटला.

"अक्का, होत न्हाई आता. दुकानच नशिबात हाय."

"मग फोड जा नारळ. पन हे संपवून फोड."

संपवली. घट बसायच्या आदल्या आठवड्यात नांदेडच्या एका छापखानेवाल्यानं ती घेतली. वडिलांचा निरोप आला, 'राहा तिथंच.' मी धावत अक्काकडं गेलो.

"म्या हाय का त्यात?" तिनं विचारलं.

"आहेस तर! लाईनीत सगळ्यांच्या पुढं."

"आता गं बया! तिथंबी उभीच? बसव की मला कुठंतरी."

मी हसलो. कादंबरी छापायला गेली होती, आता तिला बसवणार कुठं? पुस्तक हातात आलं तेव्हा अक्काच्या खोलीला कुलूप होतं. लेक तिला बिदरकडं घेऊन गेली, एवढंच कळलं.

परवा दोन नव्या कादंबऱ्या वाचल्या. भाषा अशी की हेवा वाटावा. तरी मी आपला शोधत होतो, ह्यांच्या घरी पाणी कोण भरतं? एकीत सापडली एक म्हातारी, अर्ध्या ओळीत. तिथून मला पुढं जाववेना.

माझ्याही पुस्तकांत अक्का कुठं ना कुठं असतेच, आणि दर वेळी उभी. एका पुस्तकाचं मी तिला देणं लागतो. ते लिहीन. त्यात ती पहिल्या पानावर बसेल, पाणी आणायला दुसरं कुणीतरी उठेल, आणि शेवटच्या पानापर्यंत मी तिला उठवणार नाही.