झाकणावरची टिकली

आधी चहा संपवा. ही गोष्ट ऐकल्यावर माझ्या हातचं काही पोटात घालायला तुम्ही धजावाल की नाही, मला शंकाच आहे. आता मी रिटायर झालेय, सासूबाईही राहिल्या नाहीत, तेव्हा सांगून टाकते.

मी नर्स. चंदीगडच्या एका खाजगी हॉस्पिटलात, सांधे आणि त्वचेच्या वॉर्डात चौदा वर्षं काढली. ज्यांचं शरीर स्वतःवरच उलटलंय, अशी मंडळी तिथे यायची. कुणाची बोटं वाकलेली, कुणाची कातडी सोललेली, कुणाच्या अंगावर एका गोळीने गांधी उठलेल्या. हसण्यासारखं तिथे फारसं काही नव्हतं. मी मात्र वॉर्डची मास्तरीण म्हणून प्रसिद्ध. पेशंटला शिकवायचं, नातेवाइकांना शिकवायचं, नर्सिंग कॉलेजातून येणाऱ्या पोरींना तर पिळून काढायचं. माझं एक आवडतं वाक्य होतं: "लेबल डब्बी पे लगाओ, ढक्कन पे कभी नहीं. ढक्कन बदल जाता है."

हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा. मला ठेवता आलं नाही.

गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. मिस्टर एअर फोर्समध्ये, त्यांचं पोस्टिंग आसामला. मी नोकरीसाठी इकडेच, चंदीगडजवळच्या खरडला भाड्याच्या घरात, आणि सोबतीला सासूबाई. सासूबाई अमरावतीकडच्या. चौथी पास. त्यांच्या गावात चौथी पास झालेली पहिली मुलगी त्या, आणि हे त्या दर चार दिवसांनी सांगायच्या. दीर पोस्टाने जुनी मराठी वर्तमानपत्रं पाठवायचे. ती त्या जाहिरातींसकट मोठ्याने वाचायच्या. खरडमध्ये मराठी कळणारी मी एकटी, त्यामुळे अमरावतीत कुठे बोअरवेल मारून मिळते हे मला आजही पाठ आहे.

त्यांना संधिवात होता. साधा नाही, बोटं वाकवणारा. औषध म्हणून दोन गोळ्या. दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. पहिली मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवाताची खरी गोळी. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, सोमवारी, तीन एकदम. दुसरी साधी व्हिटॅमिनची. ती बाकीचे सहा दिवस, रोज एक. आता यात गंमत अशी, की पहिली गोळी रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस मरूही शकतो. हे मी वॉर्डात दिवसातून चार वेळा सांगायचे. बोट नाचवून.

सासूबाईंना वाकड्या बोटांनी गोळ्यांची पाकिटं फोडता येत नव्हती. मग मी काय केलं? कॅमेऱ्याच्या रोलच्या दोन रिकाम्या डब्या घेतल्या. काळ्या डब्या, करडी झाकणं, तेव्हा घराघरात असायच्या. गोळ्या सोलून त्यांत भरल्या. चष्मा नसतानाही कळावं म्हणून आठवड्याच्या डबीला लाल टिकली चिकटवली आणि रोजच्या डबीला हिरवी.

कुठे चिकटवली? झाकणावर.

अहो, टिकली गोल, झाकण गोल. इतकी सुरेख बसली, की मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मग एका रविवारी सकाळी डब्या धुतल्या, वाळवल्या, टेबलावर मांडून पुन्हा भरल्या, आणि तेवढ्यात आसामचा फोन आला. मी खांद्याला रिसीव्हर लावून बोलत बोलत दोन्ही झाकणं बंद केली. तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला अठरा दिवस लागले.

पहिला आठवडा बरा गेला. मग एक दिवस सासूबाई ताटावरून म्हणाल्या, "हे वरण तिखट झालं वं, सुनंदा."

"आई, वरणात मिरची नाहीच आहे."

"मंग माह्या तोंडातच हाय का मिरची?"

आता यामागचा इतिहास सांगायला हवा. आदल्याच आठवड्यात आमचं वाजलं होतं. थंडी मरणाची होती, दुपारपर्यंत धुकं हटत नव्हतं, आणि त्यांना अमरावतीला जायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. उपचार अर्धवट सोडता येत नाहीत, रक्त तपासावं लागतं, वगैरे सगळं ऐकवलं. त्यामुळे वरण तिखट लागलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, आलं लक्षात. हे उपोषण आहे.

पुढचे दोन दिवस नुसता दहीभात. मग तोही अर्धा. मी फोनवर मिस्टरांना सांगितलं, "तुमच्या आईंना माझ्या हातचं नको झालंय."

ते म्हणाले, "तोंड आलं असेल. बघितलंस का?"

"मी नर्स आहे. तोंड आलेलं मला कळतं."

बघितलं नव्हतं. वॉर्डात जगभरच्या सासवांच्या तोंडात टॉर्च घालून बघणारी मी, घरच्या सासूच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. तिथे फोड दिसला असता तर भांडणात मी हरले असते.

त्या सोमवारी सासूबाई हातातल्या तीन गोळ्या डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "ह्या गोया मोठ्या दिसून रायल्या वं."

"कंपनी बदलली असेल. घ्या हो तुम्ही. मी नर्स आहे ना?"

घेतल्या बिचारीने.

वॉर्डात मी मनजीतपाशी रडगाणं गायले. मनजीत आमची इन्चार्ज सिस्टर, पतियाळाची, तीन सुना सांभाळणाऱ्या सासूची मधली सून. ती म्हणाली, "ओ जी, मेरी वाली ने तीन हफ्ते चलाया था. तू ऐसा कर, घी-शक्कर डाल के चूरी बना दे. पक्का मान जाएगी."

मी घरी जाऊन गरम पोळी कुस्करली, तूप-साखर घालून चूरी केली, वाटी पुढे ठेवली. सासूबाईंनी एक घास तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, पाघळल्या. मी उदारपणे म्हटलं, "असू दे आई, झालं गेलं विसरून जाऊ." त्यांना बोलताच येत नव्हतं, म्हणून त्या नुसती मान हलवत राहिल्या. मी ती माफी समजले.

दुसऱ्या दिवशी बेसिनमध्ये रक्त दिसलं. हिरड्यांतून येत होतं. मी लगेच निदान केलं: काळं मंजन. त्यांची मंजनाची पुडी जप्त केली आणि बाजारातून नवा ब्रश आणून दिला. चांगला कडक.

हसताय? हसा. मलाही सांगताना हसू येतं, आणि मग रात्रीचं जेवण जात नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी कॉलेजच्या पोरींचा वर्ग होता. विषय माझा लाडका, हीच पिवळी गोळी. मी रंगात आले होते. म्हटलं, "गलती से रोज ले ली, तो सबसे पहले क्या होगा? पेशंट बोलेगा मुँह जल रहा है. सादी दाल भी तीखी लगेगी. खाना छोड़ देगा. घरवाले बोलेंगे, नखरे हैं."

पोरी लिहून घेत होत्या. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, "सिस्टरजी, फिर घरवालों को कैसे पता चले कि नखरा है या दवाई?"

"अरे, मुँह खोल के देखो ना," मी म्हटलं. "इतना भी नहीं करेंगे घरवाले?"

आणि सवयीने हातातली डबी वर धरली. "और याद रखना, लेबल डब्बी पे..."

पुढचं वाक्य मला आलं नाही. पोरी पेन वर करून वाट बघत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर एक करडं झाकण होतं आणि त्यावर हिरवी टिकली.

मोपेड काढली. हॉस्पिटल ते खरड, मध्ये अख्खं मोहाली. धुक्यात ट्रकचे दिवे दिसत होते, बाकी काही नाही. वाटेत देवाशी सौदे केले. झाकणं बरोबर असू देत, अमरावतीची तिकिटं मी स्वतः काढून देईन.

घरी सासूबाई रजईत पडल्या होत्या. अंगात ताप. उशीवर केसांचा पुंजका. मी आधी डब्या ओतल्या. हिरव्या टिकलीखालून जास्त बारीक गोळ्या निघाल्या, सोमवारच्या. अठरा दिवसांतले सोमवार सोडून रोज एक, मीच हाताने काढून दिलेली.

मग टॉर्च घेऊन त्यांच्याजवळ बसले. "आई, तोंड उघडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ सुजलेले, शब्द नीट फुटत नव्हता. "आता पायतं का?"

आत सगळं सोललेलं होतं. जीभ, गाल, टाळू, गिळायची जागासुद्धा. त्या तोंडाने त्यांनी माझी चूरी खाल्ली होती.

घरमालकांच्या गाडीतून त्यांना आमच्याच वॉर्डात आणलं. रक्ताचा रिपोर्ट बघून मनजीत लगेच वेगळी खोली तयार करायला लागली. पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या होत्या की कुणाची शिंकही चालली नसती. मोठे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "गोलियाँ कौन देता था?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, त्यांच्या मोडक्या हिंदीत, एकेक शब्द ओढत. "मैं. मेरी गलती. मेरे को पढ़ना नहीं आता."

बोअरवेलच्या जाहिराती वाचणारी बाई.

डॉक्टरांनी केसपेपरवर इंग्रजीत 'निरक्षर' असं लिहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, अनपढ़ पेशंट के हाथ में दवाई नहीं देते, आपको तो मालूम होना चाहिए. फिर भी अच्छा हुआ, आपने पकड़ लिया."

मी म्हटलं, "जी सर."

हे दोन शब्द मी आयुष्यभर परत घेऊ शकलेले नाही.

रक्तातल्या पेशी चढवायच्या होत्या, त्याचा फॉर्म आला. मनजीतने पेन पुढे केलं. सासूबाईंनी पेनाकडे बघून मान हलवली आणि अंगठा वर केला. तो अंगठा नीट सरळ होत नव्हता. शाईच्या पॅडवर टेकेना, कागदावर उमटेना. शेवटी मीच तो हातात धरला, शाईत दाबला, कागदावर दाबला. चौथी पास बाईचा अंगठा.

पुढचे नऊ दिवस उताऱ्याची इंजेक्शनं, ताप, आणि दर दोन तासांनी तोंडाची निगा. कोमट मिठाचं पाणी, मऊ कापूस, ओठांना लेप. ते काम मी कुणाला करू दिलं नाही. मास्कच्या आत रडता येतं, कुणाला दिसत नाही. दोनदा असं वाटलं, की आता आसामला तार करावी. मिस्टर रजा टाकून येईपर्यंत पेशी वर चढायला लागल्या होत्या.

घरी आल्यावर, चमचा चमचा पेज भरवताना मी झाकणांची अदलाबदल कबूल केली आणि विचारलं, "आई, खोटं का बोललात?"

"तुयी नोकरी गेली असती ना."

माझे डोळे भरून आले.

"मंग तू दिवसभर घरीच राह्यली असती," त्या म्हणाल्या. "थे मले झेपलं नसतं वं."

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या हॉस्पिटलला ही केस फार आवडली. अशिक्षित सासू, जागरूक सून. दर बॅचला ती शिकवायचं ठरलं, आणि शिकवणार कोण? मीच. पोरी ऐकून चुकचुकायच्या, "बेचारी अनपढ़ थी." मी फळा पुसत राहायचे. वर्षअखेरीला स्टेजवर बोलावून मला सर्टिफिकेट दिलं. रुग्णाच्या सुरक्षेसाठी दाखवलेल्या दक्षतेबद्दल, सोनेरी काठाचं. मनजीतने टाळ्या वाजवून हात लाल केले. मी खाली वाकून घेतलं. तेव्हाही नाही बोलले.

घरी येऊन ते कपाटात कपड्यांखाली सरकवत होते, तर मागून हात आला. "पाहू."

सासूबाई त्यानंतर आणखी सहा वर्षं जगल्या. त्या सहा वर्षांत त्यांनी माझ्या हातून एकही गोळी घेतली नाही. पाकिटं दातांनी फोडायच्या. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला, सर्टिफिकेट उजेडाला धरलं आणि हिंदीतला सगळा मजकूर, माझ्या नावासकट, एका दमात, न अडखळता वाचून काढला. मग ते माझ्या हातात परत दिलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण हे डबीले लागलं का झाकणाले, तेवढं पाहून घे माय."