टीव्हीखालचा डबा

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. खरं नाव कागदोपत्री उरलं होतं, तेवढंच. एका जागी बसून तिने कुठलं काम संपवलंय असं कुणी पाहिलेलं नव्हतं. फोनवर बोलायची तीसुद्धा खोलीभर येरझाऱ्या घालत. जेवायची ती टेबलाच्या कडेला टेकून. नवरा थट्टेने म्हणायचा, "लग्नाच्या फोटोतही ही हललेलीच आली आहे."

भिंगरी आणि तिचा मोठा भाऊ, दोघांची मिळून एक कंपनी होती. खेळासाठी म्हणून खास बांधलेले पीसी ते विकत. बांधायचं काम तिचं, विकायचं दादाचं. पुढे वरच्या मजल्यावर चार-पाच प्रोग्रॅमर आणून बसवले आणि एक गेमही काढला. मालवाहू होडी घेऊन नदीतून जायचं, पुलांखालून होडी काढायची, धक्क्यावर माल उतरवायचा. एवढंच. पण लोकांना तो असा काही आवडला की आपापल्या घरी बसून ते त्यात नवे पूल, नव्या होड्या घालू लागले. कंपनी काही मोठी झाली नाही, पण नाव झालं.

एका प्रदर्शनाहून दादा परतला तो डोक्यात नवीन खूळ घेऊनच. आल्या आल्या त्याने तिच्या कामाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक काळा खोका ठेवला.

"हे काय?"

"आपला कन्सोल. टीव्हीला जोडायचा, बटण दाबायचं, खेळायला बसायचं."

तिने खोका उचलून खालीवर करून पाहिला. "यात बूट चांगले मावतील."

"हसून घे. पण ऐक. पीसी मांडून बसणारे किती? आणि टीव्हीसमोर बसणारे किती?"

"दादा, आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे," ती म्हणाली. तोवर ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पोचलीही होती. "मशीन बंद पडलं की आपल्या माणसाला मनातून आनंदच होतो. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायला निमित्त मिळतं. सोफ्यावरचा माणूस तसा नाही. बटण दाबलं की त्याला चित्र हवं. नाही आलं तर तो डबा परत पाठवणार, वर चार शिव्या देणार."

"म्हणून तर तो तू बांधायचास."

तिने कटकट केली, पण बांधायला घेतला. नको म्हणायचं आणि हातही आवरायचे, हे तिला कधी जमलंच नाही.

पहिला चालता डबा तयार झाल्यावर तिने तो घरी नेला. कारखान्यातल्या टेबलावर शहाण्यासारखा वागणारा हा डबा टीव्हीखालच्या कपाटात ठेवला आणि त्याचे रंग बदलले. कपाटात हवा नव्हती. पंखा असा काही ओरडायला लागला की शेजारच्या खोलीतून सासरे बाहेर आले.

"सूनबाई, याला दमा आहे का?"

सासरे बंदरावर क्रेन चालवायचे. सासूबाई गेल्यापासून ते आपल्या खोलीतच असत. बाहेर आले तरी टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसत. भिंगरीने डबा खोलला, पंखा बदलला, हवेची वाट बाजूने होती ती मागून काढली. पुन्हा ठेवला, पुन्हा तापला. महिनाभर हेच. सासरे खुर्चीत बसून सगळं पाहत होते. एकदा ती चहा ठेवायला गेली, परत येऊन बघते तर कंट्रोलर त्यांच्या हातात आणि होडी पुलावर आदळलेली.

"ब्रेक कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"होडीला ब्रेक नसतो, बाबा."

"मला सांगतेस?" ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून निघाले.

त्यानंतर मग रोजच. समोरचे निवृत्त पोस्टमन यायला लागले. दोघं एका होडीवरून भांडू लागले. "डावीकडे घ्या हो!" "डावीकडेच घेतोय, नदीच वाकडी आहे!" तिचा नवरा कामावरून आला की बूट न काढताच सोफ्याच्या हातावर टेकायचा आणि दोघांनाही अक्कल शिकवायचा. भिंगरी दाराशी उभी राहून बघत राहायची. तिचा स्वतःचा पीसी बेडरूमच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून होता. इतकी वर्षं तिने गेम खेळले ते घराकडे पाठ करून, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. त्या खुर्चीत एकच माणूस मावायचा.

दुसऱ्या दिवशी तिने दादाला सांगितलं, "करूया."

"काल नको म्हणत होतीस."

"काल म्हणत होते. आज करूया म्हणते. तू पटकन हो म्हण, नाहीतर उद्या काय म्हणेन सांगता येत नाही."

वरच्या मजल्यावर हशा पिकला. पण मग ती झपाटल्यासारखी कामाला लागली. पंख्याचा आवाज इतका खाली आणला की सासरे डब्याला कान लावून बघायचे, चालू आहे की नाही. होडीच्या गेमचा दुसरा भागही त्याच सुमारास तयार होत आला. सगळं कसं जुळून येत होतं. आणि नेमकं तेव्हाच दादाने सगळ्यांना एकत्र बसवलं.

"दुसरा भाग फक्त कन्सोलवर येईल," तो म्हणाला. "निदान पहिली दोन वर्षं. पीसीवर नाही."

भिंगरी खिडकीपाशी होती, तिथेच थांबली.

"का?"

"नाहीतर डबा कोण घेईल, सांग. ज्याच्याकडे पीसी आहे तो पीसीवरच खेळेल. ज्याच्याकडे नाही त्याच्यासमोर मोठ्या कंपन्यांचे डबे आहेत. आपल्या डब्यावर असं काहीतरी हवं जे दुसरीकडे मिळत नाही. मशीनवर आपल्याला काही सुटत नाही, जे सुटेल ते गेमवर. हा धंदाच असा आहे. मी नाही बनवला."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच तिला खुपत होतं. प्रोग्रॅमरांचा मुख्य मान खाली घालून म्हणाला, "एकाच मशीनसाठी करायचं तर आमचंही काम हलकं होईल." तोही खोटं बोलत नव्हता.

"जुन्या गिऱ्हाइकांना कोण सांगणार?" तिने विचारलं.

"तू. तुझा आवाज ओळखतात ते."

पहिला फोन तिने एका शिंपीणबाईंना लावला. दुकान बंद केल्यावर त्या होडीच्या गेमसाठी पूल बनवायच्या. दगडी, लोखंडी, उघडझाप करणारे. त्यांचे पूल अनोळखी देशांतली माणसं वापरत. त्यांचा पीसी भिंगरीने स्वतःच्या हाताने बांधला होता. तिने घसा साफ केला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मला तो डबा घ्यावा लागेल," बाई म्हणाल्या.

"हो."

"त्यात माझे पूल घालता येतील?"

भिंगरीची पावलं थांबली. "नाही. तो उघडता येत नाही. म्हणूनच तर तो बिघडत नाही."

"असं होय," बाई म्हणाल्या. "बरं. फोन केलात हे चांगलं केलंत." मागे शिलाई मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसरा फोन भिंगरीच्या हातून लागला नाही. भरदुपारी ती बाहेर पडली आणि चालत सुटली. बँक, केशकर्तनालय, चष्म्याचं दुकान, पुन्हा बँक. एका वळणावर वाटे, दादाचं बरोबर आहे, कंपनी बुडाली तर शिंपीणबाईंच्या पुलांना तरी कोण विचारणार? पुढच्या वळणावर वाटे, या माणसांनीच आपल्याला उभं केलं आणि आपण त्यांच्याच तोंडावर दार लावतोय. घरी सासऱ्यांचं हसू होतं, कानात शिलाई मशीन होतं. डोकं भणाणून गेलं. शेवटी पाय दादाच्या घरी येऊन थांबले.

वहिनी इस्त्री करत होती. तिने एक नजर टाकली आणि आत हाक मारली, "अहो, तुमची बहीण आलीय. घामाघूम आहे. भांडायला आलीय वाटतं."

दादा बाहेर आला. भिंगरीने सरळच सांगितलं, "डबा काढू. पण दुसरा भाग दोन्हीकडे येईल. एकाच दिवशी."

"मग डबा मेला म्हणून समज."

"तो चांगला आहे म्हणून घेतील."

"चांगला आहे म्हणून कुणी काही घेत नाही, बाळ," दादा इतक्या मऊ आवाजात बोलला की तिचा सगळा आवेशच गळाला. लहानपणी तो असाच बोलायचा. तरी ती म्हणाली, "मग डबा दुसऱ्या कुणाकडून बांधून घे. माझ्याने तो फोन होत नाही."

वहिनीची इस्त्री हवेतच थांबली. "हे तू मला कोंडीत पकडून मागतेस," दादा म्हणाला.

"हो."

"ठीक आहे. दोन्हीकडे."

कन्सोल आला. ज्यांनी तो घेतला त्यांना तो मनापासून आवडला, आणि ज्यांनी तो घेतला ते फार नव्हते. दुसरा भाग मात्र पीसीवर जोरात चालला. शिंपीणबाईंनी त्यात झुलता पूल घातला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दादाने कन्सोल बंद केला आणि उरलेला माल वृद्धाश्रमांना देऊन टाकला. नोकरीवरून कुणाला काढावं लागलं नाही. पण वरच्या मजल्यावरच्या, डबे ठेवायच्या रिकाम्या खोलीला कुलूप लावताना दादाचा हात जरा जास्तच वेळ कडीवर राहिला, हे तिने पाहिलं.

जिना उतरताना तो म्हणाला, "तू अडवलं नसतंस तर चालला असता."

यावर द्यायला तिच्याकडे चार उत्तरं होती. त्यातली दोन तर त्याच्याच बाजूची होती.

"चाललाही असता," ती म्हणाली, आणि दोघं खालच्या मजल्यावर कामाला गेले.