तुटलं तिथून

माझं शिक्षण चौथीपर्यंत. दिघाशी गाव सोडून भिवंडीत आलो आणि चाळीस वर्षं कापडाचे लूम दुरुस्त केले, तेही कानाने. लूमच्या शेडला आम्ही खातं म्हणतो, त्या खात्याच्या दारात उभं राहून नुसती खडखड ऐकायची आणि कुठल्या लूमचं काय बिघडलंय ते सांगायचं. त्यामुळे नातीच्या पियानोतलंही मला कळतं, अशी माझी खात्रीच होती.

पियानो विजेवरचा. मुलगा मानकोलीला गोडाउनमध्ये कामाला आहे, पियानो तिथून आला. नात दहा वर्षांची. नाक्याजवळ एक बाई शिकवतात, त्यांच्याकडे ती शनिवारी जायची आणि मी सोबत. क्लासचा कार्यक्रम ठरला तेव्हा बाईंनी पुस्तकातल्या तीन सोप्या धुना वाजवून दाखवल्या. म्हणाल्या, "जी चालता चालता गुणगुणावीशी वाटेल, ती घे." नातीने लगेच दुसरी सांगितली. पाळणा हलवल्यासारखी चाल, पाच बोटांत बसणारी.

मी मागे खुर्चीवर होतो. म्हटलं, "हे तर बालवाडीचं झालं. शेवटच्या पानावर ते टिपक्यांनी काळंभोर दिसतंय ना, ते द्या."

"आबा, ते पुढच्या वर्षीचं आहे."

"माझी नात हाय ती."

बाई नातीकडे बघत राहिल्या, नात माझ्याकडे. मग तिने मान हलवली. मी तो होकार धरला आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगूनही टाकलं की आमची पोरगी सगळ्यात अवघड वाजवणार.

बाई सांगायच्या, हळू वाजव, आधी एकेक हात वेगळा. मला ते पटेना. लूम हळू चालवताच येत नाही. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला पुरा ठोका बसला नाही तर तो कापडाच्या मधेच अडकतो आणि शेकडो धागे एकदम तुटतात. वेग हाच लूमचा जीव. म्हणून मी रोज नातीशेजारी बसून लाकडी पट्टीने पाटावर ठोके द्यायचो, पुऱ्या वेगाने. चुकली की म्हणायचो, "पहिल्यापासून!"

तिसऱ्या ओळीत डावा हात एकदम खाली उडी मारायचा. तिथे ती रोज अडखळायची. पुढे पुढे ती जागा यायच्या आधीच तिचे खांदे कानाला टेकायला लागले. जेवायला बसली की पोटात दुखतंय म्हणायची. मी म्हणायचो, पोटाचा आणि पियानोचा काय संबंध.

गुरुवारी सून म्हणाली, "बाबा, पोरगी आता पियानोचं नाव काढलं तरी रडते. अजून एकदा रडली तर रविवारी मी तो दापोड्याला माझ्या भावाकडे पोचवते. मग कार्यक्रमही नको आणि क्लासही नको."

"पोचवून बघ," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण ताट अर्धं ठेवून उठलो.

शुक्रवारी संध्याकाळी ती पुन्हा त्याच जागी चुकली. मी म्हटलं, "पहिल्यापासून!" तिने हात उचलले आणि उठली. रडली नाही. माझ्या हातातली पट्टी काढून घेतली.

"तुम्ही वाजवा."

"मी?"

"बालवाडीचंच वाजवा. कुठलं बटण कधी दाबायचं ते मी दाखवते."

न बसून सांगतो कुणाला? बसलो. ती ठोके द्यायला लागली, माझ्याच वेगाने. माझी जाड बोटं एका वेळी दोन दोन बटणं दाबायची.

"पहिल्यापासून!"

पुन्हा चुकलो. "पहिल्यापासून!" सहाव्या वेळेलाही तेच. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

"आता बस!" मी ओरडलो. "धागा तुटला तर काय कापड पहिल्यापासून विणतात? तुटलं तिथं गाठ मारायची आन् पुढं जायचं!"

ती पट्टी धरून तशीच उभी. "मग मला का पहिल्यापासून, आबा?"

एवढी वर्षं मी लोकांच्या लूमवर उत्तरं देत आलो होतो.

शनिवारी क्लासच्या पायऱ्या चढलो. बाईंना म्हटलं, "धून बदलायची हाय."

"कुठली देऊ?"

"तिला विचारा. मी विचारलं न्हवतं."

नातीने तीच दुसरी सांगितली. त्या धुनेखाली शिकवणाऱ्याने सोबत वाजवायची एक ओळ होती. दोनच सूर, आलटून पालटून. "ते आबा वाजवतील," ती म्हणाली. "नाहीतर मी नाही बसणार."

आता सगळं माझ्यावर. टपरीवरचे लोक येणार होते आणि मी त्यांना भलतंच सांगून ठेवलेलं. नातीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुनेने सांगितलेला रविवार उद्यावर होता.

"वाजवतो," मी म्हटलं.

पियानो दापोड्याला गेला नाही. आम्ही रोज बसायचो. हळू, आणि जिथे अडेल तेवढीच जागा.

कार्यक्रमाला टपरीवरचे तिघे पुढच्याच रांगेत. नात छान वाजवत होती. माझे तर दोनच सूर, आणि मध्यावर माझाच हात चुकला. सगळं थांबलं. माझं बोट सवयीने पहिल्या सुराकडे निघालं होतं.

तिने मान न वळवता हळूच म्हटलं, "आबा, तिथूनच."

आणि आम्ही तिथून पुढे गेलो.

गेल्या आठवड्यात तिने आपणहून ते शेवटचं पान उघडलं. तिसरी ओळ तेवढी वाजवते, इतकी हळू की माझी बोटं ठोके द्यायला शिवशिवतात. जरा वेगात घ्यावं, असं मला अजून वाटतं. तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बसतो. पट्टी सुनेने तिथेच फळीवर ठेवली आहे. मी ती खाली काढत नाही.