निर्जळी उपास आणि बंद पायवाट

"हीट स्ट्रोक," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणाले ते अनघाकडे बघून. मी पलंगावर, माझा नवरा श्रीकांत पायाशी, आणि सांगायचं कुणाला, तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या अनघाला! फुजैराच्या इस्पितळात शुद्धीवर आल्यावर मला आधी काही जाणवलं असेल, तर तो हा जळफळाट.

हीट स्ट्रोक म्हणजे उष्माघात. शरीराला स्वतःला थंड ठेवणं जमेनासं होतं, ताप चढत जातो, माणूस बरळायला लागतो. सुरुवात मात्र साधी असते. डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. मला हे सगळं होत होतं. मी बोलले नाही, कारण पुढे अनघा न थांबता चढत होती आणि श्रीकांत तिच्या मागोमाग.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजातले आम्ही काही मराठी लोक शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, फुजैराच्या डोंगरांत चालायला जायचो. म्होरके हसनभाई, मूळचे रत्नागिरीचे, फुजैराच्या बंदरावर नोकरीला. ऊन तापलं की ते पायवाट बंद करायचे. कायदा वगैरे काही नव्हता, नुसता त्यांचा शब्द. त्या वर्षीही त्यांचा फोन आला, "वहिनी, आता खलास. थंडी पडली की भेटू, इन्शाल्ला."

अनघाला पटलं नाही. "पहाटे निघू ना, एक लास्ट ट्रेक!" तिचा नवरा टूरवर. श्रीकांत लगेच तयार. आणि नेमकी त्याच शुक्रवारी वटपौर्णिमा.

मी तेव्हा हा उपास निर्जळी करायचे. श्रीकांतला वाटायचं, पाणी तरी पीत असेल. पण नवऱ्यासाठी उपाशी राहायचं आणि त्याच नवऱ्याला तिच्याबरोबर डोंगरात धाडायचं? वडाच्या चित्राची घाईघाईने पूजा केली आणि बूट घातले.

चढावर कधी कोसळले, मला आठवत नाही.

"पानी कितना पिया था?" डॉक्टरांनी विचारलं. ते केरळचे होते, हिंदीत बोलायचे.

"दो बॉटल थी सर," श्रीकांत म्हणाला.

"सील तोडलंच नव्हतं रे," अनघा हळूच म्हणाली. "मीच तोडलं, हिच्या अंगावर ओतायला."

श्रीकांत हबकून उभा राहिला होता म्हणे. अनघाने मला खडकाच्या सावलीत ओढलं, ओढणी भिजवून अंगावर टाकली, वारा घातला, मग दोघांनी उचलून गाडीपर्यंत आणलं. माझा जीव तिने वाचवला. दुसऱ्या कुणी वाचवला असता तर मला जास्त आवडलं असतं.

लघवी चहासारखी गडद येत होती. क्रिएटिनिन वाढलं होतं. रक्तात ते वाढलं, की मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत असं समजायचं. डायलिसिस, म्हणजे मशिनने रक्त शुद्ध करणं, लागेल की नाही हे कुणीच सांगेना. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि मी दाराकडे बघत राहायचे. बाहेर बाकावर श्रीकांत आणि अनघा एकाच पिशवीतले वेफर्स खात बसलेले दिसायचे. मी मेले तर ही माझ्या स्वयंपाकघरात येणार, असं मला खरोखर वाटायचं, आणि या विचाराने भीतीपेक्षा संतापच जास्त यायचा.

मग आकडा उतरू लागला. "मशीन नहीं लगेगा," डॉक्टर म्हणाले. मी रडले. "उपवास करो, लेकिन पानी पीके. और गर्मी में पहाड़ बिलकुल नहीं." उपास करणाऱ्या सगळ्या बायकांना मी हे तसंच्या तसं सांगत असते.

हसनभाई भेटायला आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी डोंगरापायथ्याच्या गावातल्या लोकांशी बोलून पायवाटेच्या तोंडाशी दोरखंड बांधला, पाटी लावली. पुढच्या उन्हाळ्यात अनघाने पुन्हा लाडीगोडी लावून पाहिली. "नाय गो बाय," ते म्हणाले, "आता माझ्या बापासाठीपन दोर सुटायचा नाय."

मला केवढा आनंद झाला! आपल्याला जाता येत नाही, तर कुणीच जाऊ नये. लोकांना वाटलं, मला सुरक्षिततेची काळजी. वाटू दिलं.

पायवाट बंद म्हणून त्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी सगळे आमच्याकडेच जमले. श्रीकांतने कोकम सरबताचा ट्रे आणला आणि पहिला ग्लास दिला अनघाला. मी जळून खाक झाले. मग लक्षात आलं, की जळायला मी इथे आहे. अनघाला म्हटलं, "अजून घे गं." आणि माझा ग्लास मी घटाघटा संपवला.