त्या सकाळची पाळी

हे मी अजून कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही, बाहेर चोरून खाल्लेला सावजी रस्सासुद्धा. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. एका जागी बसवत नाही, एवढं खरं.

हिंगणघाटच्या बाहेर एक धावपट्टी होती, विमान चालवायला शिकवणाऱ्या छोट्याशा संस्थेची. दोन माणसांचं विमान, एक शिकवणारे सर, आणि पेट्रोल भरायला आम्ही दोघं — मी आणि मारोतीकाका. काका माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. कामाला मला त्यांनीच लावलं, कामही त्यांनीच शिकवलं.

विमानाचं पेट्रोल निळसर असतं. ड्रममधून टाकीत ओतताना ते चामड्याच्या फडक्यातून गाळायचं. चामडं पेट्रोल सोडतं, पाणी अडवतं. आणि पावसाळ्यात ड्रममध्ये थोडंफार पाणी उतरतंच. एक दिवस काका गाळायचे, एक दिवस मी. कुठं लिहून ठेवायची पद्धत नव्हती.

चामड्यातून धार मात्र — काय सांगू — जिवावर येईल इतकी बारीक. मी घाईचा माणूस. आमच्या घरी इंजिनाचं डिझेल कायम जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळलेलं. कापसाच्या मुलखात वाढलेला माणूस सुती कापडावर भरवसा ठेवणार नाही तर कशावर ठेवणार? पण सुती कापड कचरा धरतं. पाणी नाही धरत. हे मला माहीत नव्हतं का? होतं. काकांनी दोनदा बजावलं होतं.

त्या सकाळी पाळी माझी होती. काका पट्टीवर शिरलेली गुरं हाकलायला गेले होते. खुंटीला त्यांचा दुपट्टा होता, तो मी नरसाळ्यावर टाकला. पाच मिनिटांत काम उरकलं. सरांनी विचारलं, "पानी चेक किया?" मी म्हटलं, "किया, सर."

विमान उठलं, आत सर एकटेच. तुरीच्या शेतावर गेलं — आणि आवाजच थांबला. तिथंच कोसळलं. मी पळत सुटलो तेव्हा काका माझ्या पुढं पळत होते, अनवाणी. सर वाचले. कमरेखालचं अंग कायमचं गेलं.

चौकशीला आलेल्यांना टाकीत पाणी सापडलं, आणि निळे डाग पडलेला दुपट्टा. सर नागपूरला दवाखान्यात बेशुद्ध; विचारायला आम्ही दोघंच. दुपट्टा कुणाचा? काकांचा. पाळी कुणाची? काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. रोजचंच काम — कोण ध्यानात ठेवतं? मी म्हटलं, काकांची. अडखळलोसुद्धा नाही.

त्यांचं काम गेलं. माझं राहिलं. गावानं त्यांना 'विमानपाड्या' नाव ठेवलं, पानठेल्यावर हसायचे लोक. हसणाऱ्यांत मी नव्हतो, असं म्हणू का? एकदा होतो. शेवटी ते गाव सोडून लेकीकडे आर्वीला गेले.

मागच्या महिन्यात आर्वीच्या बस स्टँडवर भेटले. फार वाळलेत. मला बघून त्यांना आनंद झाला — आनंद, कळतंय का तुम्हाला? म्हणाले, "नागपूरले गेलतो, सरले भेटाले. पाय धरले त्याईचे. काईच बोलले नाई बावा ते."

माझी एसटी लागली होती. त्यांनी माझा हात सोडला नाही.

"मले अजून आठवत नाई," ते म्हणाले. "तुले मीच शिकवलं, अन् मीच कापडातून काऊन गाळलं असन? झोप लागत नाई रे. तू होता तिथं. तूच सांग — त्या दिवशी मीच होतो ना?"

सांगता आलं असतं. तेव्हाही.

"हो काका," मी म्हटलं, "तुमीच होते."