बाहीला बांधलेलं रबर

केनवडला माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. या धंद्यात माणसाची नजर बिघडते. मला कुठेही आधी भोक दिसतं. दिवसभर हवा कुठून निघते ते शोधायचं, आणि हिवाळ्यात मोटरसायकलवर बसलं की ती कुठून शिरते ते शोधायचं. माझ्या मते थंडी म्हणजे दुसरं काही नाही, बुजवायचं राहून गेलेलं भोक.

मी ती बरीच बुजवली होती. जर्किन उलटं घालायचं, चेन पाठीवर, म्हणजे चेनमधून छातीत वारा घुसत नाही. बनियन आणि शर्टाच्या मध्ये पेपरची चार पानं. पोटऱ्यांना खताच्या पोत्यातलं प्लास्टिक. हँडलच्या दोन्ही टोकांना ऑइलचे पाच लिटरचे डबे अर्धे कापून बसवलेले, त्यात हात खुपसून गाडी चालवायची. चौकातले लोक आधी हसले, मग आठ दिवसांनी तेच लोक रिकामे डबे मागायला आले. मी दिले, पण चार शब्द ऐकवून दिले. माझा स्वभावच तसा आहे.

हे सगळं मी केलं ते बाबांसाठी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी वाशीमला डायलिसिस, सकाळी सातचा नंबर. पहिली एसटी त्या वेळेला पोचवत नाही आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून पहाटे साडेपाचला मी आणि मागे बाबा. रिसोडपर्यंत बरं जायचं. पुढे जिथे जिथे गव्हाला पाणी दिलेलं असायचं, तिथे रस्त्यावर गारठा असा उभा असायचा की डोळ्यांतून पाणी यायचं.

हेच बाबा एकेकाळी पौषात गुडघाभर पाण्यात उभे राहून गव्हाला बारे द्यायचे, अंगात नुसती बंडी. आता त्यांना दुपारच्या उन्हातही हुडहुडी भरायची. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी झालंय, असंच होणार. एका शुक्रवारी तर वाशीमला पोचल्यावर त्यांना गाडीवरून उतरताच येईना. माझ्या कमरेला घातलेली मिठी मला एकेक बोट उकलून सोडवावी लागली. मशीनवर चार तास ते कापत होते. परत येताना रिसोडच्या अलीकडे ते माझ्या कानाशी म्हणाले, "आता मी नाई येत. थंडी गेल्यावर पाहू."

"थंडी गेल्यावर काय पाह्यता?" मी ओरडलोच. "दोनदा नाई गेलं तर छातीत पानी भरते, सांगतलं ना डॉक्टरनं."

ते गप्प बसले. बाबा गप्प बसले म्हणजे त्यांचं ठरलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. घरी आल्यावर माय मला अंगणात घेऊन गेली. "त्याइले थंडी लागू देऊ नको," ती म्हणाली. "बाकी मी तुले काई मांगत नाई." मी शब्द दिला. तीन दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं. थंडी थांबवली तर बाबा येणार होते आणि आले तर जगणार होते, इतका सरळ हिशोब होता.

बाबांच्या डाव्या मनगटाच्या वर डॉक्टरांनी दोन शिरा जोडून दिल्या होत्या. मशीनच्या सुया तिथे टोचायच्या. त्या जागी बोट ठेवलं की आत सारखं घूं घूं लागायचं. बाबा त्याला मोटर म्हणायचे. रोज रात्री माय झोपण्याआधी तिथे हात ठेवायची आणि म्हणायची, "चालू हाय." मगच दिवा बंद व्हायचा. दवाखान्यातल्या सिस्टरनं त्या हाताचे नियम पाठ करून घेतले होते. घड्याळ नको, कडं नको, ओझं उचलायचं नाही, त्या हातावर झोपायचं नाही. नियम मलाही पाठ होते. यादीत नव्हतं ते मला सुचलं नाही.

मंगळवारी पहाटे मी बाबांना दोन स्वेटर, त्यावर माझं जुनं जर्किन, कानटोपी, प्लास्टिक, पेपर, सगळं चढवलं. ट्यूब पाण्यात बुडवून तपासावी तसं टॉर्च लावून तपासलं. एकच जागा राहिली होती. माझ्या जर्किनच्या बाह्या त्यांना ढगळ होत्या आणि मनगटापासून वारा थेट काखेपर्यंत जाणार होता. स्वतःच्या बाहीला मी स्कूटरच्या ट्यूबचं रुंद रबर घालतो. ते बाबांच्या मनगटावर सैल पडलं, इतके हात बारीक झाले होते. मग मी सायकलच्या ट्यूबचं रबर कापलं आणि दोन्ही बाह्यांवर दोन-दोन वेढे दिले. वर हातमोजे चढवले. बाही मध्ये होती, कातडीला रबर लागत नव्हतं, म्हणून मनात शंकासुद्धा आली नाही.

गाडी चालवताना मी दोनदा विचारलं, "थंडी वाजून राह्यली का?"

"नाई," बाबा म्हणाले. "आज काईच नाई."

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. उलट्या जर्किनच्या गळ्यात माझाच श्वास गरम लागत होता. वाशीम आठ-दहा किलोमीटर राहिलं असेल तेव्हा ते म्हणाले, "डावा हात सुन्न पडून राह्यला रे."

"थंडीनं व्हते तसं," मी म्हणालो. "आलंच आता."

उजवाही हात तसाच पडला होता का, एवढं विचारलं असतं तरी मला कळलं असतं; थंडी काही एकाच हाताला लागत नाही. मी गाडी थांबवली नाही. थांबलो तर वारा लागेल, असं वाटलं.

दवाखान्यात पोचल्यावर बाबा स्वतः उतरले, स्वतः चालत आत गेले. मी हातमोजे काढले, रबर काढलं, खिशात टाकलं. सिस्टरनं मनगटावर बोटं ठेवली. जागा बदलली, पुन्हा ठेवली. कानाला नळी लावून ऐकलं. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली. मी पुढे होऊन हात लावला. आत काही नव्हतं. मनगटावर दोन तांबडे वळ होते आणि ते माझ्या डोळ्यांदेखत फिके होत गेले.

डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी विचारलं, "हाताला काही घट्ट बांधलं होतं का?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी बाबा बोलले. "राती हात उशाखाली घेऊन झोपलो व्हतो, साहेब."

"किती वेळा सांगितलं तुम्हाला?" डॉक्टर चिडले. आपल्याच हातानं वाटोळं केलं, असं काहीतरी म्हणाले. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. आयुष्यात ते कुणाचं ऐकून घेत नसत. मी शेजारी उभा होतो, खिशातल्या रबरावर माझी मूठ आवळलेली होती, आणि माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. मला लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

त्याच दिवशी आम्हाला अकोल्याला पाठवलं. तिथे शीर उघडून पाहिली, पण ती पुन्हा चालू झाली नाही. मग मानेत नळी घातली. दुसऱ्या हाताला नवी शीर जोडायची, ती तयार व्हायला दोन महिने लागतात, तोवर नळीवर चालवायचं असं ठरलं. नळीतून जंतू जातो. बाबांना तापाचे झटके येऊ लागले. घरात तीन वाकळा अंगावर टाकल्या तरी दात वाजायचे. मी त्यांच्या पायाशी बसून राहायचो. ती थंडी आतून येत होती, तिला बुजवायला जागा कुठली शोधणार?

एकदा आम्ही दोघंच असताना मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी ते रबर..."

"पानी दे," ते म्हणाले. मी पाणी दिलं. त्यांना दिवसाचं मोजकंच पाणी होतं, दोन घोट घेऊन त्यांनी पेला परत केला आणि भिंतीकडे तोंड केलं. विषय तिथेच संपला. फाल्गुन सरता सरता ते गेले. त्या दिवशी इतकं ऊन होतं की स्मशानात लोक सावली शोधत होते.

बाबांना वाटलं असेल, आपण एक खोटं बोललो आणि पोरगा वाचला. ते खोटं कुणावर जाऊन पडेल, याचा विचार त्यांनी केला नसावा. त्या मंगळवारच्या आदल्या रात्री त्यांच्या शेजारच्या खाटेवर माय झोपली होती. कुणी भेटायला आलं की ती अजूनही तेच सांगते. "मलेच झोप लागली. जागी राह्यली असती तर हात उशाखालून काढला असता." पदर डोळ्यांना लावते आणि माझ्याकडे बघते.

मी तिच्याजवळ जाऊन बसतो. "जाऊ दे माय," मी म्हणतो. "झोपेत कोनाले समजते?"

ती माझा हात धरते आणि मान हलवते.